सर्वेवाला दारात आला की घरातल्या बायकांनाही बोलू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जनगणनेच्या बातम्या यायला लागल्यापासून आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोन मेसेज फिरतायत. एक म्हणतो, काहीही असो, सगळ्यांनी मातृभाषा मराठीच सांगा, आपली संख्या वाढलेली दिसली पाहिजे. दुसरा म्हणतो, दारात कोणी फॉर्म नाहीतर मोबाईल घेऊन आला तर काहीच सांगू नका, सगळं इन्कम टॅक्सवाल्यांकडे जातं. दोन्ही मेसेज पुढे पाठवणारी माणसं चांगली शिकलेली आहेत, बँकेतनं, कॉलेजातनं रिटायर झालेली. मला दोन्ही वाचून फार वाईट वाटलं आणि ग्रुपवर वाद घालत बसण्यापेक्षा आपल्या पेपरात लिहावं असं ठरवलं, म्हणजे इंदुरातल्या जास्त मराठी घरांपर्यंत हे पोचेल. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी सरकारी शाळेत शिकवत होते. आमच्या पिढीतल्या बहुतेक शिक्षकांसारखी मलाही जनगणनेची ड्युटी लागायची, २००१ ला लागली आणि २०११ ला पण. त्याच्या आधी आणि नंतर आमच्या स्वतःच्या घरी पण सर्वेवाले येऊन गेलेत, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना मी उभी राहिलेली आहे. त्यावरनं माझं पक्कं मत झालंय की आकडा बिघडतो तो दारातच. दिल्लीत बसलेले लोक कितीही हुशार असू देत, दारात मिळालेलं उत्तर अर्धं असेल तर त्यांच्या हातात अर्धंच पडणार. आणि ते अर्धं असतं कारण बहुतेक घरांत उत्तर देणारा एकच असतो, घरातला कर्ता पुरुष, बाकी सगळे आत असतात आणि त्यांना कोणी हाक पण मारत नाही.

बायकांच्या कामाचंच घ्या. रामबाग असो, सुदामा नगर असो, लोकमान्य नगर असो, मी ज्या ज्या घरी विचारलं की मिसेस काय करतात, तिथे जवळजवळ ठरलेलं उत्तर होतं, "काही नाही, घरीच असते." आता त्याच घरातली ती बाई चकल्या, अनारसे, करंज्या यांच्या ऑर्डरी घेते हे सगळ्या कॉलनीला माहीत. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तिच्याकडे भाजणीचा वास सुटलेला असतो, उन्हाळ्यात कुरडया-पापड, मध्ये मध्ये गोडा मसाला, मेतकूट, माल देवासला जातो, भोपाळला जातो, हाताखाली मदतीला आणखी बायका असतात. तिच्या पैशातनं मुलाची कोचिंगची फी भरली जाते. आणि कागदावर ती "काही करत नाही". मी आत हाक मारून विचारलं की ती पदराला हात पुसत यायची आणि स्वतःच म्हणायची, "अहो ते काय काम आहे, ते तर घरचंच."

सरकारी व्याख्येत मात्र ते काम आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. रोजगाराचा जो सर्वे होतो, पीएलएफएस म्हणतात तो, २०१७ पासून चाललाय, त्यात माणसाचं मुख्य काम वेगळं लिहितात आणि जोडकाम वेगळं, आणि वर्षात ३० दिवस किंवा जास्त केलेलं काम जोडकाम म्हणून धरलं जातं. म्हणजे ती दिवाळीचा फराळ आणि उन्हाळ्याचे पापड मिळून महिनाभर जरी कमवत असेल तरी ती कामकरी बाई म्हणून मोजली गेली पाहिजे. किराणा दुकानात नवऱ्याच्या जोडीला बसणारी, उधारीची वही सांभाळणारी, एक पैसा पगार न घेणारी बाई सुद्धा त्यात येते, घरच्या धंद्यातली मदतनीस म्हणून तिचा वेगळा कोड आहे. जनगणनेत पण घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणं हे काम धरतात. पण हे सगळं कधी होणार, कोणी सांगितलं तर. "काही नाही, घरीच असते" म्हटलं की गणक बिचारा घरकामाचा कोड टाकतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. त्याला पण दिवसात ठरलेली घरं उरकायची असतात.

धंद्यांच्या सर्वेत पण हेच होतं. कंपनी म्हणून नोंदणी नसलेल्या, शेतीबाहेरच्या छोट्या उद्योगांचा आता दरवर्षी सर्वे होतो, २०२३-२४ च्या सर्वेत देशभरात असे ७.३४ कोटी उद्योग निघाले आणि त्यात काम करणारे १२.०६ कोटी लोक. एकट्या मालकाच्या उद्योगांपैकी २६.२ टक्के बायकांच्या मालकीचे होते, त्याच्या आदल्या वर्षी २२.९ टक्के. त्याला बोर्ड लागत नाही, जीएसटी नंबर लागत नाही, स्वैपाकघरात चालणारा डब्यांचा धंदा पण चालतो, घरी येणाऱ्या मुलांच्या शिकवण्या पण चालतात, ब्लाउज शिवणं, पार्लर, सगळं. मग त्या २६ टक्क्यांत आपली फराळवाली बसते की नाही हे तिच्या नवऱ्यानं दारात काय सांगितलं त्यावर ठरतं. नंतर आपणच म्हणतो की महिला उद्योगांसाठी इंदुरात बाजार नाही, लोन मिळत नाही, प्रदर्शनाला जागा नाही. ज्या बाईची कुठे नोंदच नाही तिच्यासाठी कोण योजना आखणार.

पैशाच्या कामाचं हे झालं. जे काम पैशाचं नाहीच, त्याचं तर कोणी नावही काढत नाही, पण त्यासाठी सुद्धा सर्वे आहे आणि मला तो सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. वेळेचा सर्वे. आदल्या दिवशीच्या पहाटे ४ पासून आजच्या पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासात तुम्ही काय केलं ते घरातल्या ६ वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला विचारतात. आपल्याकडे याची सुरुवातीची चाचणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली आणि त्यात आपला मध्य प्रदेश होता, गुजरात पण होता. मग सगळ्या देशाचा पहिला सर्वे २०१९ ला आणि दुसरा २०२४ ला. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचा बिनपगारी घरकामातला वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बायकांचा २८९ झाला, पुरुषांचा ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचा हातभार काही वाढला नाही, तो पण कमीच झाला. हे आकडे मी जिथे जिथे सांगितले तिथे बायका गप्प होऊन ऐकतात. जवळजवळ पाच तास, रोज, रविवारी पण. आता मला सांगा, आपली बायको पहाटे ५ ते ५.३० काय करत होती हे नवरा कसं सांगणार, तो तर झोपलेला असतो. तो म्हणेल "चहा-बिहा करत असेल". तिनं त्या अर्ध्या तासात पाणी भरलेलं असतं, सासूला औषध दिलेलं असतं, कणिक भिजवलेली असते, आणि एकाच वेळी दोन कामं केली तर तीही सर्वेत लिहून घेतात. म्हणून म्हणते, तिला बसू द्या पुढे खुर्चीवर, चहा दुसऱ्या कोणी केला तरी चालेल.

आता खर्चाच्या सर्वेकडे येते कारण त्यालाच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. घरखर्चाचा हा सर्वे आपल्या देशात जुना आहे, १९५० मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं नॅशनल सॅम्पल सर्वे सुरू झाला तेव्हापासूनचा. हल्लीच्या पद्धतीत गणक तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा येतो, एकदा खाण्यापिण्याचं विचारायला, एकदा इतर रोजचा खर्च आणि सेवा, एकदा कपडे-भांडी-गाडी-टीव्ही अशा टिकाऊ वस्तू. प्रत्येक गोष्टीला मागे बघायचा काळ पण वेगळा ठेवलाय. भाजी, फळं, तेल, मसाले, बाहेरचं खाणं हे मागच्या ७ दिवसांचं विचारतात, धान्य-डाळींचं ३० दिवसांचं, आणि कपडे, फी, दवाखान्यात भरती व्हायचा खर्च असल्या गोष्टींचं ३६५ दिवसांचं. फार विचार करून केलेलं आहे हे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरायची पद्धत आहे, लोकांना वाटतं की त्या महिन्यात सर्वेवाला आला तर आपला खर्च उगीच मोठा दिसेल. तसं होत नाही, धान्याच्या बाबतीत विकत किती आणलं यापेक्षा घरात खाल्लं किती हे धरतात.

पण महिन्याला तेल किती लागतं, तूरडाळ किती, साखर किती, हे घरात कोणाला माहीत असतं? आणि बाहेरचं खाणं? इंदुरात सकाळचे पोहे-जलेबी, संध्याकाळी छप्पन दुकानांवर काहीतरी, रात्री पाहुणे आले की सराफ्यातली खाऊगल्ली, वर मुलं मोबाईलवरनं मागवतात ते वेगळंच. शहरी भागात पेयं, तयार आणि बाहेरचे पदार्थ यांचा वाटा २०२३-२४ मध्ये एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास गेला, खाण्याच्या सगळ्या गोष्टींत सगळ्यात मोठा. ते त्या त्या माणसालाच विचारायला पाहिजे, कॉलेजात जाणाऱ्या नातवाला विचारा, त्याला हाक मारा, तो सांगेल खरं. त्या वर्षी डोईमागे महिन्याचा खर्च शहरात ६,९९६ रुपये आणि खेड्यात ४,१२२ रुपये निघाला, २०११-१२ मध्ये तो २,६३० आणि १,४३० होता. आकडे छापून आले की आपल्याकडचे लोक म्हणतात एवढ्यात कुठे घर चालतं, सरकार खोटं बोलतंय. त्यांतल्याच कोणाकडे सर्वेवाला आला असता तर त्यांनी किती सांगितलं असतं हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा. पेन्शन कमी सांगायची, भाडं येतं ते सांगायचंच नाही, गाडी मुलाची आहे म्हणायचं.

आणि हे पेन्शनवाल्यांसाठी खास लिहिते. महागाई भत्ता वाढला की आपण सगळे खूश होतो, तो कशावरनं ठरतो? औद्योगिक कामगारांचा जो महागाईचा निर्देशांक आहे त्यावरनं केंद्र सरकारचा ठरतो, त्याचं पायाभूत वर्ष २०१६ आहे, आणि त्यात तांदळाला किती वजन, दवाखान्याला किती, घरभाड्याला किती, हे कामगार कुटुंबांच्या खर्चाचा सर्वे करूनच ठरवलेलं आहे. ज्या शहरांतले आकडे त्यात धरतात त्यांत इंदूर पण आहे. कोणत्या तरी कामगाराच्या घरात कोणीतरी बसून औषधाला किती लागले, शाळेच्या रिक्षाला किती लागले हे खरं खरं सांगितलं म्हणून तो निर्देशांक बनला. त्यांनी दार लावून घेतलं असतं तर?

दार लावून घेण्यात आपल्या बायपासकडच्या टाउनशिप सगळ्यात पुढे आहेत हे पण सांगायला पाहिजे. गेटवरच गार्ड थांबवतो, वर फोन करतो, वरनं उत्तर येतं की नको म्हणाव. मला सर्वेच्या कामातल्या लोकांनी सांगितलंय की झोपडपट्टीत माणूस पाणी विचारतो, बसायला पाट देतो, आणि मोठ्या फ्लॅटमध्ये बेल वाजवून वाजवून बोट दुखतं. लोक म्हणतात शेजारी विचारून घ्या ना. तसं नाही चालत. सॅम्पल सर्वेत घर चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडतात, तुमचं घर निघालं म्हणजे तुमच्यासारख्या हजारो घरांच्या वतीनं तुम्हालाच बोलायचंय. खर्चाच्या सर्वेत आता तर शहरात १० लाखांच्या वरची कार असलेली घरं वेगळी काढून त्यांतली काही मुद्दाम निवडतात, कारण ही घरं सुटली तर श्रीमंतांचा खर्च दिसतच नाही आणि गरीब-श्रीमंतांतलं अंतर कागदावर कमी होऊन जातं. नाही म्हणणाऱ्याला वाटतं आपलं काय बिघडलं, पण बिघडतं सगळ्या शहराचं.

भीती मला समजते. रोज पेपरात फसवणुकीच्या बातम्या, म्हाताऱ्या माणसांना फोन करून लुबाडतात, मग दारातल्या अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा. ओळखपत्र मागा, जरूर मागा, फोटो जुळवून बघा, पटलं नाही तर ऑफिसात फोन करून विचारा. बँकेचा खाते नंबर, एटीएमचा पिन, मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला की समजायचं हा सर्वेवाला नाहीच, आणि दार लावायचं. पण ओळख पटल्यावर सांगितलेली माहिती टॅक्सवाल्यांकडे जाते हे साफ खोटं आहे. १९४८ चा जनगणना कायदा आहे, त्याच्या १५ व्या कलमात लिहिलंय की ही नोंद कोणाला बघायला मिळणार नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून पण चालणार नाही. बाकीच्या सर्वेंसाठी २००८ चा कायदा आहे, त्यात पण माहिती फक्त आकडेवारीसाठी वापरायची असं बंधन आहे. आपल्याकडे अजून एक गोंधळ होतो, राज्य सरकारच्या योजनांसाठी लागणाऱ्या समग्र आयडीची केवायसी, राशनची पडताळणी, नगर निगमचं संपत्ती कराचं मोजमाप आणि हे सर्वे, सगळे लोकांना एकच वाटतात. ते एक नाहीत. समग्रमध्ये नाव चुकलं तर योजना अडकते, सर्वेत खरं सांगितलं म्हणून कोणाचं राशन कापलं जात नाही.

त्याच जनगणना कायद्यात एक गोष्ट आहे जी ट्रेनिंगमध्ये ऐकली तेव्हा मला फार आवडली होती. उत्तर देणं बंधनकारक आहे, पण घरातल्या कुठल्याही बाईचं नाव सांगायची सक्ती नाही, आणि बाईवर नवऱ्याचं नाव घ्यायची, किंवा रिवाजानं जे नाव ती घेत नाही ते घ्यायची सक्ती नाही. आमच्या वेळी नारायण बागेतल्या जुन्या वाड्यात कितीतरी आज्या अशा होत्या ज्या उखाण्यात नाव घेतील पण सरळ विचारलं तर मान खाली घालून नातवाला पुढे करायच्या. कायदा करणाऱ्यांनी १९४८ मध्ये त्या आज्यांचा मान ठेवला. एवढा विचार करून बनवलेल्या कायद्यावर आपण एका फॉरवर्डपायी अविश्वास दाखवायचा हे मला पटत नाही.

सरकारचं सगळं बरोबर आहे असं मात्र मी म्हणत नाही. २०१७-१८ चा खर्चाचा सर्वे पूर्ण होऊन पण २०१९ मध्ये तो प्रसिद्ध करायचा नाही असं ठरवलं, म्हणून २०११-१२ नंतर पुढचे आकडे थेट २०२२-२३ चे आले. २०१९ ला सुरू झालेल्या सातव्या आर्थिक गणनेचे आकडे पण कित्येक वर्षं अडकून राहिले, म्हणजे दुकानं-कारखान्यांसाठी लोक सहाव्या गणनेचे, २०१३-१४ चे ५.८५ कोटी हेच वापरत बसले. जनगणना २०२१ ची, कोरोनात पुढे ढकलली आणि ढकलतच राहिले, राशनचा कोटा अजून २०११ च्या लोकसंख्येवर. हे बरोबर झालं नाही. लोक आपला वेळ देतात, गणक मे महिन्याच्या उन्हात फिरतात, मग आकडे आवडोत न आवडोत, लोकांसमोर आलेच पाहिजेत. लोकांचा विश्वास त्यानं वाढतो, जाहिरातींनी वाढत नाही.

आता मातृभाषेचं, ज्याच्यावरनं आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त जोर आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांच्या वर होते, गुजरातेत ९ लाखांच्या वर. सगळे म्हणतात आपण खरे याहून जास्त आहोत. असू. पण कमी का दिसलो ते मला मोजणीसाठी मिळालेल्या ब्लॉकमध्ये मी बघितलंय. आडनाव मराठी, दारावर मराठी पाटी, देवघरात विठोबा, आणि विचारलं की "हिंदीच लिहा मॅडम, काय फरक पडतो". कोणी म्हणायचं मराठी लिहिलं तर आपण बाहेरचे समजले जाऊ. होळकरांच्या काळापासून ज्यांच्या पिढ्या इथे गेल्या तेही असं म्हणायचे. आणि बऱ्याच ठिकाणी कर्त्या पुरुषाची भाषा सांगितली की तीच सगळ्या घराला लागायची.

नियम असा आहे की मातृभाषा प्रत्येक माणसाची वेगळी विचारायची, आणि मातृभाषा म्हणजे त्या माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी जी बोलायची ती भाषा. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. मग एकाच घरात तीन उत्तरं येऊ शकतात. आजीची मराठी, सून माळव्यातली असेल तर तिची माळवी, ती तसंच सांगू दे, आणि नातवाशी आई हिंदीत बोलत असेल तर नातवाची हिंदी. हे कडू वाटतं, मला पण वाटतं, पण हेच खरं आहे आणि हेच लिहिलं पाहिजे. त्यापुढे येणारा अजून कोणत्या दोन भाषा येतात हा प्रश्न आपले लोक रिकामा सोडतात नाहीतर ऐटीत इंग्लिश सांगून मोकळे होतात. नातवाला आजीशी मराठीत बोलता येत असेल तर ती तिथे सांगायची जागा आहे. "सगळ्यांनी मराठीच सांगा" या मोहिमेनं काय होईल, आकडा फुगेल, आणि आपल्याला कळणारच नाही की कोणत्या पिढीत भाषा सुटली. संविधानात ३५०-अ कलम आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय व्हावी म्हणून. ती सोय मागायची तर ५ ते १० वर्षांची किती मुलं खरोखर घरात मराठी बोलतात हे माहीत पाहिजे, फुगवलेला आकडा तिथे काय कामाचा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण इथे पेढे वाटले, आणि मुलांशी बोलणं चालूच आहे हिंदीत.

हे सगळं इंदूरकरांना जड का जावं मला कळत नाही. स्वच्छता सर्वेक्षणात २०१६ ला आपण २५ वे होतो आणि २०१७ पासून पहिले, तेव्हा फीडबॅक द्यायला आपल्या कॉलनीच्या कॉलनी उठल्या होत्या, म्हाताऱ्यांच्या मोबाईलवर पण ॲप घालून दिलं होतं. आणि शहराची पाहणी ही गोष्ट इंदूरला शंभर वर्षांपासून ओळखीची आहे. होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं, त्याचा इंदूरवरचा रिपोर्ट १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. त्याचा आग्रहच असायचा की आधी शहर बघा, माणसं कशी राहतात ते बघा, मग आराखडा. प्लेगचे दिवस होते, लोक घाबरलेले, आणि दिवाळीत त्यानं मोठी मिरवणूक काढली, प्लेगच्या उंदराची प्रतिमा केली, सफाई कामगारांना मानानं मिरवलं, आणि त्यासाठी लोकांनी आपापली घरं-गल्ल्या साफ केल्या असं सांगतात. तिकडे पुण्यात १९३० च्या दशकात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या गोखले इन्स्टिट्यूटनं घरोघरी जाऊन शहराची पाहणी केली, कोण काय काम करतं, किती कमावतं, किती खोल्यांत राहतं. ते काम आजही अभ्यासक काढून बघतात.

मग इंदुरातल्या मराठी समाजाची अशी पाहणी आपणच का करू नये? आपल्याकडे मंडळं आहेत, साहित्य सभा आहे, गणेशोत्सव आहेत, वर्गणीसाठी आपण घरोघरी जातोच. पण नीट करायची. ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून नाही, कारण तो भरणारे तेच असतात जे सगळ्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसतात, ज्यांना मंडळ माहीतच नाही ते त्यात येत नाहीत आणि आपल्याला तर त्यांचंच जाणून घ्यायचंय. मंडळांच्या याद्या, सोसायट्यांच्या याद्या एकत्र करायच्या, जी घरं कुठल्याच यादीत नाहीत ती वॉर्डात फिरून जोडायची, मग चिठ्ठ्या टाकून घरं काढायची आणि निघालेल्या घरी जायचंच, बंद असलं तर परत जायचं, शेजारच्या उघड्या घरात घुसायचं नाही. घरातल्या प्रत्येकाशी बोलायचं. घरात मराठी कोण कोणाशी बोलतं, पेपर कोणता येतो, मराठी वाचता येतं का लिहिता येतं का, बाई काय काय करून कमावते, म्हातारी माणसं एकटी आहेत का, मुलं पुण्याला-बंगलोरला गेली ती परत यायचा विचार करतात का. नावं कुठेही छापायची नाहीत, जमवलेल्या कागदांवर घराचा नंबर सुद्धा वेगळा ठेवायचा. आमच्या ओळखीच्या कॉलेजातल्या मुली हे काम करायला तयार आहेत, त्यांना फक्त कोणीतरी पाठीशी पाहिजे आणि प्रश्नावली तपासून देणारं संख्याशास्त्र जाणणारं माणूस पाहिजे.

आपल्या पेपराकडे माझी एक मागणी आहे. जनगणनेचा पहिला भाग, घरयादी, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये राज्याराज्यांत होणार असं ठरलंय, त्यात ३३ प्रश्न आहेत, घरात मुख्य धान्य कोणतं खातात, इंटरनेट आहे का इथपासून घरात लग्न झालेली जोडपी किती इथपर्यंत. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भाची वेळ १ मार्च २०२७, आणि भाषा, काम, यावेळी जात पण, हे सगळं त्या दुसऱ्या भागात येणार. हे प्रश्न सोप्या मराठीत आधीच छापा, रोज दोन दोन छापले तरी चालतील, बाजूला दोन ओळींत सांगा की याचा अर्थ काय आणि घरातल्या कोणाला विचारायचं. कामाच्या प्रश्नाखाली ठळक अक्षरांत लिहा की घरून ऑर्डरी घेणारी, शिकवण्या करणारी, दुकानात बसणारी बाई काम करते. मी प्रश्नांचा मसुदा करून द्यायला तयार आहे, आणि दुपारच्या वेळी कोणत्याही मंडळात येऊन बायकांना समजावून सांगायला पण तयार आहे, ऑफिसात निरोप ठेवला की मला मिळेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सुदामा नगर, इंदूर